असीरगडची खिंड: लमाणांच्या तांड्यापासून केळीच्या रेकपर्यंत

तापीकाठचा

गेल्या महिन्यात भुसावळहून खंडव्याला जायचा योग आला. दिवसाची गाडी, खिडकीची जागा. बऱ्हाणपूर सुटलं, असीरगड रोड मागं पडलं, चांदणी गेलं आणि दोन्ही बाजूंनी सागाचं रान सुरू झालं. समोर नाशिकचे एक काका बसले होते. त्यांनी विचारलं, "सातपुड्याचा घाट कधी लागेल?" मी म्हटलं, "काका, आपण घाटातच आहोत." त्यांना पटेना. कसाऱ्यासारखी दरी नाही, एकामागून एक बोगदे नाहीत, गाडी थांबवून मागून इंजिन लावलं नाही, मग घाट कसला?

घाट वाटत नाही, हीच तर या खिंडीची किंमत आहे. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. नर्मदा आणि तापी दोघी पश्चिमेला वाहतात, जवळजवळ समांतर, आणि मधे सातपुडा आडवा पडलेला. नंदुरबारकडे अस्तंभा तेराशे मीटरच्या वर जातो, पूर्वेला मेळघाटाचं रान. उत्तरेतून दख्खनला येणाऱ्याला हा डोंगर कुठं तरी ओलांडावाच लागतो. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला मात्र सातपुडा पाठ वाकवतो. लादलेला बैल, उंट, तोफेचा गाडा, सगळं तिथून जाऊ शकतं. त्या जागेवर असीरगड उभा आहे, पायथ्यापासून अडीचशे मीटरहून जास्त उंच. त्याला 'दख्खनचा दरवाजा' म्हणत आणि ते शब्दशः खरं होतं. गड ज्याच्या हातात, त्याच्या हातात दाराची कडी.

फारुकी सुलतान नसीरखानानं 1400 च्या सुमारास हा गड घेतला आणि खाली तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं. खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताच्या नावावरून शहराला नाव मिळालं. दोनशे वर्षं फारुकींचं खान्देश या एका गडावर आणि त्या एका शहरावर उभं होतं. अकबराला दक्षिणेत उतरायचं होतं तर आधी ही कडी काढणं भाग होतं. कित्येक महिने वेढा चालला आणि जानेवारी 1601 मध्ये गड पडला. त्यानंतर काही काळ खान्देशाचं नाव शाहजादा दानियालच्या नावावरून 'दानदेश' झालं होतं. हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

लढायांवर भरपूर लिहिलं गेलंय. मला ओढ आहे ती मालाची. सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याला जायच्या दोन मोठ्या वाटा होत्या. एक अहमदाबादवरून, दुसरी बऱ्हाणपूरवरून. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात शाहजादा परवेझला भेटला. पुढं तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेनं गेला. बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंडपर्यंत जातं, असं त्यानं लिहून ठेवलंय. पोलंड! आपल्या तापीकाठच्या विणकराचं कापड. आणि मधल्या मुक्कामांची त्याची नावं वाचताना माझ्या अंगावर काटा आला. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, आणि मग बऱ्हाणपूर. नवापूरचा तांदूळ बारीक असतो आणि त्याला कस्तुरीसारखा वास येतो, हेही तो नमूद करतो.

आता मुद्द्याचं. इंग्रजांनी रेल्वे आणली तीही याच खिंडीतून. रेल्वे गडाला खेटून जात नाही. गडाखालून जातो तो रस्ता, आणि रूळ त्याच्या पूर्वेला काही कोसांवरून चांदणी-नेपानगर असे जातात. पण वाकलेली पाठ तीच. 1860 च्या दशकात जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची, लाईन भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा अशी सरकत गेली आणि 7 मार्च 1870 ला जबलपूरला कलकत्त्याकडून आलेल्या रुळांना मिळाली. त्याआधी चारच महिने सुएझचा कालवा उघडला होता. म्हणजे विलायतेची टपाल मुंबईला बोटीतून उतरली की थेट रेल्वेनं या खिंडीतून कलकत्त्याला जायला लागली.

मला वाटतं, आपण एक गोष्ट नीट पाहिलेलीच नाही. खिंड तीच राहिली, पण खिंडीपर्यंत यायची वाट बदलली. आधी ती पश्चिमेकडून, सुरतेहून, तापीच्या काठाकाठानं येत होती. रेल्वेनं ती मुंबईहून, इगतपुरी-मनमाड-चाळीसगाववरून आणली. खान्देशानं एका पिढीत सुरतेकडचं तोंड मुंबईकडे वळवलं. बऱ्हाणपूरचं महत्त्व ओसरलं आणि भुसावळ नावाच्या लहानशा गावाचं जंक्शन झालं. बऱ्हाणपूरचं स्टेशनसुद्धा जुन्या शहरात नाही, बाहेर लालबागेत आहे.

तुमच्याकडच्या आठवणी, घरातल्या गोष्टी, सगळं येऊ द्या.

घाटमाथा

सुंदर लिहिलंय. पण दादा, मी इगतपुरीचा आणि आमची तीन माणसं रेल्वेत, म्हणून बोलतो. खान्देशाचं तोंड मुंबईकडे वळवलं ते असीरगडच्या खिंडीनं नव्हे, थळ घाटानं. बऱ्हाणपूरपर्यंत रूळ टाकणं हा सपाटीचा खेळ होता. सह्याद्री फोडल्याशिवाय त्या रुळांचा उपयोग काय? कसारा ते इगतपुरी घाट 1 जानेवारी 1865 ला सुरू झाला. 37 फूट पुढं गेलं की 1 फूट वर, अशी चढण. ब्रॉडगेजवर, तेही मुख्य मार्गावर, इतकी उभी चढण क्वचितच असेल. आजही बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात, मागं बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात, तेव्हा कुठं वर येतात. उतरताना ब्रेक गेले तर गाडी आडवळणाला चढून थांबावी म्हणून कॅच सायडिंग ठेवलेत. बोर आणि थळ या दोन्ही घाटांची आखणी करणारा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले 1862 मध्येच वारला, पुरा झालेला थळ घाट त्याला पाहायला मिळाला नाही.

आणि हे घाट फोडताना मेलेल्या मजुरांची नावं कुठंच नाहीत. बोर घाटात आणि थळ घाटात पटकी आणि हिवतापानं माणसं गेली, ती आपल्याच मुलखातली होती. खिंडीचा इतिहास लिहाल तर त्यांना एक ओळ द्या.

तापीकाठचा

मान्य. ओळच काय, त्यांच्यावर वेगळा धागा व्हायला हवा. थळ घाटाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी तो भाग घाईत उडवला. यात आणखी एक भर घालतो. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. घाट सुरू झाला त्याच वर्षी ती लढाई संपली आणि भाव कोसळला. म्हणजे आगगाडी दारात आली तेव्हा तेजी ओसरली होती. पण एकदा रूळ आले की शेतकरी मागं फिरला नाही, कापूस वाढतच गेला. भुसावळहून नागपूरचा फाटाही 1867 मध्ये झाला, तो मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी.

नंदुरबारचा वाटाड्या

तावेर्नियेची गावं वाचून मीही थबकलो. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा. आता ताप्ती व्हॅली रेल्वेची स्टेशनं आठवा. सुरतेहून निघाली की व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा! 1900 च्या सुमारास झालेली ही लाईन शिंदखेड्यापर्यंत जुन्या वाटेच्या पावलावर पाऊल टाकते. म्हणजे सुरतेकडचं तोंड पूर्ण वळलं नव्हतं, तीस-पस्तीस वर्षांनी ते पुन्हा थोडं इकडे आलं.

पण शिंदखेड्यानंतर दोघींची फारकत होते. जुनी वाट थाळनेरला तापी ओलांडून उत्तर काठानं चोपड्याला जायची. रेल्वे दक्षिण काठानंच अमळनेर-जळगावला गेली. थाळनेर ही फारुकींची पहिली राजधानी, त्यांच्या कबरी आजही तिथं आहेत. त्या थाळनेरला रेल्वे नाही. चोपड्याला आजही नाही. एका नदीच्या कुठल्या काठानं रूळ गेले, यावर गावांची नशिबं ठरली. माझं आजोळ चोपड्याचं, म्हणून हे जास्त लागतं.

केळीवाली

मी रावेर तालुक्यातली, सासर निंभोऱ्याजवळ. आमच्याकडे खिंड वगैरे शब्द कुणी वापरत नाही. आजोबा फक्त म्हणायचे, "माल वर गेला." वर म्हणजे दिल्लीला. केळीचा घड वाळलेल्या पानांत गुंडाळून वॅगनमध्ये रचायचा, तोही असा की वारा खेळला पाहिजे, नाही तर वाटेतच पिकणार. निंभोरा, सावदा, रावेर या तिन्ही ठिकाणी भरणी व्हायची. मालधक्क्यावर रात्रभर गॅसबत्त्या. आम्ही पोरं जेवणाचे डबे घेऊन जायचो.

एका उन्हाळ्यात आमची रेक, म्हणजे केळीच्या वॅगनांची अख्खी गाडी, वाटेत दोन दिवस उभी राहिली. कुठं, कुणामुळं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दिल्लीला उघडली तेव्हा निम्मा माल काळा. त्या वर्षी धाकट्या आत्याचं लग्न पुढं ढकललं गेलं. आजोबांनी एक शब्द काढला नाही, फक्त पुढचे आठ दिवस संध्याकाळी ओट्यावर बसून उत्तरेकडे बघत राहायचे. म्हणून ही लाईन आमच्यासाठी नुसता इतिहास नाही. डोंगरापलीकडे गाडी वेळेत गेली तर घरात दिवाळी, अडकली तर नाही.

आता बराच माल ट्रकनं जातो. कोरोनाच्या काळात किसान रेल निघाल्या तेव्हा सावदा-रावेरहून दिल्लीच्या आदर्शनगरला पुन्हा केळी रेल्वेनं गेली, तेव्हा आजोबा हवे होते असं वाटलं.

इतिहासवेडा

छान धागा. एक भर. थोरल्या बाजीरावांचा शेवट याच रावेरला झाला ना? मग खिंडीचं महत्त्व आणखीच वाढतं.

तापीकाठचा

नाही भाऊ, ही गफलत फार जणांची होते. बाजीराव गेले ते रावेरखेडीला, नर्मदाकाठी, आता खरगोन जिल्ह्यात. 28 एप्रिल 1740. त्यांची समाधी तिथं आहे. आमचं रावेर तापीच्या खोऱ्यातलं, सातपुड्याच्या अलीकडे. दोन्हींच्या मधे अख्खा डोंगर आहे.

पण मराठ्यांचा या वाटेशी संबंध पक्का आहे. 1681 च्या सुरुवातीला, गादीवर आल्यावर लगेच, संभाजी महाराजांनी बऱ्हाणपूरवर झडप घातली आणि बहादूरपुरा लुटला. मोगलांच्या दख्खनच्या पेठेचं नाक दाबलं ते त्यांनी. आणि 1760 मध्ये भाऊसाहेब पानिपतला निघाले ते बऱ्हाणपूर आणि नर्मदेवरचं हंडिया असे गेले. म्हणजे परत न आलेली कितीतरी माणसं याच खिंडीतून शेवटची उत्तरेला गेली.

सातमाळा

मी चाळीसगावकडचा, लमाण समाजातला. शीर्षकात तांडा वाचला म्हणून थांबलो, पण मजकुरात तांडा दिसला नाही, म्हणून लिहितो.

रेल्वेच्या आधी या सगळ्या खिंडींतून माल कोण नेत होतं? आमचे पूर्वज. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या, जाताना धान्य, परतताना मीठ. पुढं नायक, मागं बायकापोरं, कुत्री, अख्खं गाव चालत असायचं. फौजेला दाणागोटा पुरवणाराही तांडाच. मोगल असोत की मराठे की इंग्रज, लमाणाच्या बैलाशिवाय कुणाची फौज सातपुडा ओलांडत नव्हती. आगगाडी आली आणि दोन पिढ्यांत हा धंदा बसला. बैल विकले, काहींनी ऊसतोडीची वाट धरली, आमच्या घरानं डोंगराच्या कडेला कोरडवाहू जमीन. त्यात 1871 च्या कायद्यानं कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. ज्यांनी वाट शोधली, त्यांच्याच वाटेवर चौकी बसली. माझी आजी अजूनही लग्नात तांड्याची गाणी म्हणते, त्यात बैलांची नावं येतात.

दुसरं असं की खान्देशाला उत्तरेचं दार आहे तसं दक्षिणेचंही आहे. आमचा कन्नड घाट, ज्याला औट्रम घाट म्हणतात. जेम्स औट्रमनं 1825 मध्ये भिल्ल पलटण उभी केली, त्याच्यावरून ते नाव. पण वाट त्याच्या किती तरी आधीची. घाटाच्या जवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या शिलालेखात पैठणच्या एका गंधिकाचं, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्याचं दान कोरलंय. पैठणचा अत्तरवाला इथं खांब कोरायला पैसे देतो, कारण त्याचा माल या वाटेनं जातो. तेच पैठण-उज्जैनचं जुनं दळणवळण. उत्तरेच्या खिंडीला रेल्वे मिळाली. आमच्या घाटाला मिळाली नाही. 2021 च्या ऑगस्टअखेर एका रात्रीच्या पावसात दरडी कोसळल्या, 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं जड वाहनं बंद झाली. बोगद्याची चर्चा मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

तापीकाठचा

दादा, चूक झाली. शीर्षकात तांडा लिहिला आणि मजकुरात विसरलो. आजींची बैलांच्या नावांची गाणी कुणी रेकॉर्ड करून ठेवली आहेत का? नसतील तर कृपा करून करा. मोबाईलवर केलं तरी चालेल.

धुळ्याची पोर

बिजासनचा घाट राहिला की! मुंबई-आग्रा रस्ता, शिरपूरच्या पुढं पळासनेर आणि मग वर सेंधवा. मना आजा सांगे, "बिजासनना घाट चढाले गाडाले दोन जोड्या जोडना पडेत." म्हणजे खालच्या गावात जादा बैलजोडी भाड्यानं मिळायची, वर देवीपाशी सोडायची. मागून इंजिन लावण्यासारखंच की!

या घाटानं आमच्या भागातली कितीतरी माणसं नेली. 2023 च्या जुलैत उतारावरून सुटलेला कंटेनर पळासनेरला थेट हॉटेलात घुसला. आमच्या ओळखीचं एक घर त्यात उद्ध्वस्त झालं. म्हणून मनमाड-इंदूर रेल्वेची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. 309 किलोमीटर, खर्च 18036 कोटी, 30 नवी स्टेशनं. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, सगळा जुना आग्रा रोड. धुळ्याला आजवर एकच फाटा, चाळीसगावहून, तोही 1900 चा, आणि येऊन थांबणारा. आता बोरविहीर ते नरडाणा हा तुकडा आधी धरलाय. नरडाणा म्हणजे ताप्ती व्हॅली लाईन. तिथं जोड मिळाला की धुळ्याहून सुरतेलाही सरळ जाता येईल.

घाटमाथा

मग 1860 च्या दशकातच इंग्रजांनी बिजासनवरून का नेली नाही, हा प्रश्न पडतो. आग्रा रोड तर तेव्हाही होता.

तापीकाठचा

माझी समजूत सांगतो. त्यांना आग्रा गाठायचं नव्हतं, जबलपूर गाठायचं होतं, कारण कलकत्त्याचे रूळ तिथं येत होते. शिवाय वऱ्हाडचा कापूस हवा होता, त्यासाठी तापी-पूर्णेच्या खोऱ्यातून पूर्वेला सरकणं सोयीचं. भुसावळला दोन्ही कामं साधली, एक फाटा नागपूरला, एक खिंडीतून वर. बिजासनची चढण बऱ्हाणपूरच्या मानानं उभी, तीही बाब असणारच. इंदूरला नंतर होळकरांनी स्वतः कर्ज देऊन खंडव्याहून मीटरगेज नेली, तीही पाताळपाणीचा घाट चढून.

आणि नुसता कापूस आणि केळीच नव्हे. चांदणीच्या पुढं नेपानगर लागतं. देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना तिथला, 1956 मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला. सातपुड्यातलं सलईचं लाकूड आणि बांबू, त्याचा कागद, आणि तो रेल्वेनं खाली. आमच्या घरी येणारा पेपर कितीतरी वर्षं या खिंडीतल्या झाडांचा असू शकतो, हे मला पन्नाशीत कळलं.

नंदुरबारचा वाटाड्या

एक गंमतीचा नव्हे, श्रद्धेचा योगायोग. असीरगडावर शिवमंदिर आहे, तिथं अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो असं लोक मानतात. आणि आमचा अस्तंभा तर अश्वत्थाम्याचाच डोंगर, दिवाळीला यात्रा भरते. जखमेला लावायला तेल मागत तो फिरतो, ही गोष्ट दोन्हीकडे ऐकायला मिळते. मला वाटतं, वाटसरूंनीच ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेली असणार. मुक्कामाला शेकोटीपाशी सांगायला दुसरं काय असतं?

केळीवाली

आमच्या गावातही म्हणतात. रात्री शेतात कुणी अनोळखी माणसानं तेल मागितलं तर नाही म्हणू नये.

तापीकाठचा

हे मला ठाऊक नव्हतं, दोघांचे आभार. ही भर मोलाची आहे.

ताजी बातमीही लिहून ठेवतो. नोव्हेंबर 2024 मध्ये भुसावळ-खंडवा तिसऱ्या आणि चौथ्या लाईनला मंजुरी मिळाली, 131 किलोमीटर. जळगाव-मनमाड चौथी लाईनही त्यातच आहे. दीडशे वर्षांपूर्वी जिथं एका रुळासाठी रान तोडलं, तिथं आता चार जोड्या होणार. माझी एकच इच्छा आहे. काम सुरू व्हायच्या आधी जुने दगडी पूल, मोऱ्या आणि स्टेशनच्या जुन्या इमारतींचे फोटो कुणी तरी नीट काढून ठेवावेत. मी येत्या रविवारी असीरगड रोडपासून मांडव्यापर्यंत जमेल तेवढं करणार आहे. भुसावळहून सकाळच्या गाडीनं निघेन, कुणाला यायचं असेल तर इथंच कळवा. परतीला बऱ्हाणपुरात उतरून माव्याची जिलेबी खाऊ.

सातमाळा

मी येतो. आजीला विचारलं. ती म्हणाली, गाणं रेकॉर्ड कर, पण आधी बैलांची नावं लिहून घे, गाताना चुकली तर मला सांगता आलं पाहिजे. काल रात्री अकरा नावं लिहिली. अजून आठवतेय.